अब्बांचं अक्षर

“खाली नाव घालायचं नाही. मी सांगेन तेव्हा घालायचं. तोवर तेवढी जागा कोरी सोडायची.”

अब्बांचा आवाज एरवी कधी चढायचा नाही, पण या वाक्याला ते नेमकी धार काढायचे. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. तरी कागदावरची शेवटची ओळ सुकायला लागली, की तो आवाज बोरूच्या खांद्यामागून यायचाच, आणि लेखणी टेकवता टेकवता तिचा हात मागे यायचा. मग तिचं तिलाच हसू यायचं. चाळिशी कधीच मागे पडली, केस पिकले, आणि अजून आपण कोऱ्या जागेला घाबरतो!

बोरू हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती इतकी काटकुळी होती, की अब्बांनी आपल्या लेखणीचंच नाव तिला देऊन टाकलं. “ही आमची बोरू. जितकी तासाल तितकी सुबक लिहिते,” असं ते आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे. तासण्यात त्यांनी कसूर ठेवली नाही, हेही खरंच.

अब्बा कातिब होते. कुरआनच्या प्रती हाताने लिहिणं हा त्यांचा धंदा, आणि त्यांच्या लेखी ती इबादत, उपासनाही. त्या धंद्याची एक रीत आहे. शिष्याचं अक्षर कितीही बसलं, तरी उस्तादाने इजाजत दिल्याशिवाय त्याने आपल्या लेखनाखाली नाव घालायचं नाही. आणि इजाजत म्हणजे पाठीवरची शाबासकी नव्हे. उस्तादाने शिष्याचा कागद उजेडात धरून बघायचा, आणि त्याखाली स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं, की मी हे पाहिलं, याचं अक्षर माझ्या मते बसलं आहे. ती साक्ष असते, आणि साक्ष वरती मोजली जाते. म्हणून अब्बा ती द्यायला फार जपून असत. कधी बोरूच्या ‘वाव’ या अक्षराची मान कमी वळलेली असे, कधी ‘नून’चं पोट खोल गेलेलं. “थोडं राहिलंय,” ते म्हणायचे. ते थोडं कधी सरलंच नाही.

मग त्यांचे डोळे गेले. एका मोठ्या छापखान्याने संपूर्ण कुरआनची प्रत मागितली होती, अब्बांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. तीस पाऱ्यांपैकी, म्हणजे भागांपैकी, दहाव्यापाशी एका सकाळी त्यांनी लिहिलेल्या ओळीवरच दुसरी ओळ लिहिली. बोरू शेजारीच बसली होती. तो कागद तिने हळूच काढून घेतला, दुसरा मांडला, आणि त्यांच्या हातातली लेखणी आपल्या हातात घेतली. अब्बांनी ती सोडली. डॉक्टरांनी पुढे शिरा सुकल्याचं सांगितलं, पण घरात ते त्या सकाळीच कळलं होतं.

त्या दिवसापासून ती लिहीत राहिली. अम्मी अंड्याचा पांढरा बलक आणि तुरटी फेटून कागदाला हात द्यायची, सुकला की गुळगुळीत दगडाने घोटायची. अब्बा भिंतीला टेकून लेखणीचा आवाज ऐकत बसायचे. “जीभ बोथट झाली, बदल,” असं नुसत्या आवाजावरून सांगायचे. शेवटचा पारा जवळ आला तेव्हा म्हणाले, “आधीचे दहाही तूच पुन्हा लिही. मधेच हात बदलला तर वाचणाऱ्याला खटकतं.” तेही तिने लिहिले. म्हणजे पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत ती प्रत तिची होती. तापाने फणफणलेली असतानाही तिने एकही पान मागे पडू दिलं नाही.

काम पुरं झालं त्या दिवशी तिने आयुष्यात एकदाच तोंड उघडून मागितलं.

“अब्बा, आता इजाजत?”

अब्बा बराच वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले. “मला दिसत नाही, बोरू. न बघता ‘बसलं’ म्हणू? खोटी साक्ष होईल ती. अल्लाहला काय तोंड दाखवू?”

तिला ते पटलं. इतकं पटलं, की डोळ्यांत आलेलं पाणी तिने वाईट न वाटता पुसलं. पण लगेचच अब्बा म्हणाले, “दौत जवळ घे. शेवटच्या पानावर माझा हात नेऊन ठेव. कातिबाचं नाव नसलेली प्रत छापखाना घेणार नाही.” आणि त्यांनी तिथे आपलं नाव लिहिलं. ओळ घसरू नये म्हणून तिने खालून पट्टी धरली होती.

“हात तुझा,” ते म्हणाले, “पण अक्षर माझंच ना?”

“जी,” बोरू म्हणाली.

न बघता परवानगी देणं खोटं, आणि न लिहिता नाव घालणं खरं! माणूस कुठे काटेकोर राहील आणि कुठे सैल सोडील, काही नेम नसतो. पण हे तिच्या मनात त्या दिवशी आलं नाही. ते यायला एका कंपनीची माणसं घरात यावी लागली.

कंपनीला आणलं तिच्या धाकट्या भावाने. त्याला सगळे शेठ म्हणत. शाळेत असल्यापासून तो पेन्सिलीसुद्धा भाड्याने द्यायचा. अक्षराच्या वाटेला तो कधी गेला नाही, पण त्याची खालच्या मजल्यावर झेरॉक्सची आणि लग्नपत्रिकांची भरभराटीची दुकानदारी होती. त्या दिवशी तो वर आला तो पेढा तोंडात असल्यासारखं हसत, आणि मागे लॅपटॉप घेतलेली एक तरतरीत मुलगी.

“आपा, बस. अम्मी, तू पण बस. अब्बांचं नाव आता जगभर जाणार आहे बघ. या कंपनीला अब्बांच्या अक्षरावरून फाँट करायचाय. म्हणजे कॉम्प्युटरवर कुणी काही टाइप केलं, की ते अब्बांच्या हाताने लिहिल्यासारखं उमटणार!”

“अब्बांच्या हाताने,” अम्मी म्हणाली. तिने बोरूकडे बघितलं आणि पदर सारखा केला.

मुलीने नमुना दाखवला. पडद्यावर ओळीमागून ओळ सरकू लागली. बोरूला आरशातलं आपलंच तोंड दुसऱ्या कुणाच्या तरी मानेवर दिसावं तसं झालं. तेवढ्यात तिचं लक्ष एका ‘काफ’कडे गेलं. त्याची वरची रेघ मधेच जराशी कापली होती. हा तर तापातला ‘काफ’! अंगात हुडहुडी असताना निसटलेला. आणि आता तो एकटा नव्हता, पडद्यावर जिथे जिथे ‘काफ’ होता तिथे तिथे तो कापत होता.

“इथे रेघ हलली आहे,” बोरू हळूच म्हणाली.

“हो, आमच्याही लक्षात आलं,” मुलगी उत्साहाने म्हणाली. “पण आम्ही मुद्दाम ठेवलं. त्यातच तर उस्तादांचा हात जाणवतो! म्हातारपणाचा थरथरणारा हात. सगळ्यांना फार आवडलं ते.”

“आवडलं ना, मग झालं,” शेठ म्हणाला. “आपा, तू चुका काढत बसू नकोस हं.” मग मुलीकडे वळून म्हणाला, “सवय आहे तिला, अब्बांच्यासुद्धा काढायची.” आणि तो हसला. मुलगीही हसली.

मग कागद निघाले. अक्षराचा हक्क अब्बांचा, अब्बा गेले म्हणजे वारसांचा. सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. वाटणी शेठने शरीयतप्रमाणेच मांडली होती. अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलाचे दोन भाग, मुलीचा एक.

“एक पैसा इकडचा तिकडे नाही,” तो छातीवर हात ठेवून म्हणाला. “हरामाचा घास मी घरात येऊ देणार नाही.”

शेवटून दुसऱ्या पानावर एक कलम होतं. मुलीने ते सोपं करून सांगितलं: करारानंतर या वळणाचं अक्षर कंपनीचं. वारसांपैकी कुणीही या वळणात लिहून विकायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही, शिकवायचं नाही.

बोरूचं पोट त्या वळणावर चालत होतं. पाथरवट कबरीच्या दगडासाठी ओळी मागायला यायचा, दुकानदार पाट्या मागायचे. तिने शेठकडे पाहिलं.

“अगं, मग दुसऱ्या वळणात लिही!” शेठ म्हणाला. “तुला काय अवघड?”

“डाव्या हाताने लिही नाहीतर,” अम्मीने टाकलं. विनोद होता की टोमणा, शेठला कळलं नाही. तो हसला.

“मी विचारून सांगते,” बोरू म्हणाली.

“कुणाला?”

“ज्यांना विचारायचं त्यांना.”

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर ती शरीयतचा निर्णय सांगणाऱ्या मुफ्तीसाहेबांकडे गेली. त्यांची खोली लहान होती आणि पुस्तकांनी आणखी लहान केली होती. तिने आपलं म्हणून काही सांगितलं नाही. एका बाईची गोष्ट म्हणून सांगितलं. मुफ्तीसाहेबांनी मान खाली घालून ऐकलं. त्यांना ती बाई कोण हे पहिल्या चार वाक्यांतच कळलं असावं, कारण त्यांनी उठून दार लोटून घेतलं.

“आधी मला एवढंच सांगा,” बोरूने विचारलं, “अक्षर ही मालमत्ता आहे का? हातात धरता येत नाही, पेटीत ठेवता येत नाही.”

“जुन्या फुकहांपैकी, म्हणजे शरीयतच्या जाणकारांपैकी, काहींनी नेमकं हेच म्हटलं होतं,” ते म्हणाले. “जे साठवता येतं, ताब्यात घेता येतं, तीच मालमत्ता. पण आज बहुतेक विद्वान उलमा लेखकाचा, कारागिराचा हक्क मान्य करतात. लोक त्याला किंमत देतात, म्हणजे त्याला किंमत आहे. तो विकता येतो, वारशात जातो, आणि न विचारता घेतला तर तो जुलूम होतो. त्यात मला शंका नाही.”

“कुणाचा हक्क?”

“ज्याने काम केलं त्याचा. आणखी कुणाचा?”

बोरूने श्वास सोडला. इतक्या सोप्या शब्दांत हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

“पण,” मुफ्तीसाहेब म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढला. “त्या बाईने वडिलांना ते बक्षीस दिलं होतं का, हे बघावं लागेल. दिलं असेल, तर काम वडिलांचं झालं. मग त्यांच्या मागे त्याचे वाटे पडले ते बरोबरच पडले. नसेल दिलं, तर वडिलांनी दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव घातलं. तो गसब झाला. बळकावणं. अल्लाह स्वतःविरुद्धची चूक माफ करतो, पण माणसाचं माणसाकडे राहिलेलं देणं तो त्या माणसावरच सोडतो. ती बाई माफ करत नाही तोवर वडील अडकलेले.”

“म्हणजे बाईने ‘दिलं’ म्हटलं तर वडील सुटतात आणि तिचं अक्षर जातं. ‘नाही दिलं’ म्हटलं तर अक्षर तिचं राहतं आणि वडील अडकतात.”

“तसंच आहे ते.”

“नाही दिलं, पण आता माफ केलं, असं म्हटलं तर? मग दोन्ही राहतात ना?”

“अल्लाहपुढे, हो.” त्यांनी चष्मा पुसायला घेतला. “पण कंपनीपुढे, भावापुढे? तिथे ते लोकांसमोर म्हणावं लागेल. म्हणजे वडिलांची चूक आधी चव्हाट्यावर आणायची आणि मग माफ करायची. शिवाय पुरावा? लिहून दाखवलं तर लोक म्हणतील, शिष्याचं अक्षर उस्तादासारखंच असणार. आणि त्या बाईच्या हातात इजाजतही नाही.”

“ती का नाही, तेही सांगितलं मी.”

“सांगितलंत, मुली.” ते म्हणाले. “देताना त्या बाईच्या मनात काय होतं? नियत काय होती?”

खाली पट्टी धरलेले आपले हात बोरूला आठवले. द्यायचं की नाही, असं कुणी विचारलंच नव्हतं. विचारायला आधी ते आपलं आहे असं कुणीतरी म्हणावं लागतं.

“तिच्या मनात काही नव्हतं,” ती म्हणाली. “‘जी’ म्हणायचं होतं, तेवढंच.”

मुफ्तीसाहेबांनी मान हलवली. “मी कोणत्याही बाजूने बोललो तरी त्या बाईचं काहीतरी जाणारच,” ते म्हणाले. “तिने सबर केला तर त्याचं फळ मोठं आहे.”

“आणि भावाने काय करायचं? त्यालाही सबरच?”

मुफ्तीसाहेबांचा फोन वाजत होता. तो त्यांनी उचलला नाही, एवढा मान मात्र त्यांनी तिला दिला.

घरी येईपर्यंत तिचं ठरलं होतं. लोकांत ओरडायचं नाही. चार भिंतींत, भावाला तेवढं खरं सांगायचं. पुढचं तो समजून घेईल.

शेठ अम्मीच्या पायाशी बसून कंपनीला फोन लावत होता. बोरूने बुरखा काढून खुंटीला लावला आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “ती प्रत माझी आहे. सगळी. अब्बांची त्यात एक ओळ आहे, शेवटची.”

तिला वाटलं होतं तो दचकेल. तो दचकला नाही. त्याने फोन बंद करून खिशात ठेवला.

“मग? मला काय माहीत नाही होय?” तो म्हणाला. “खालच्या दुकानात बसून मी काय आंधळा होतो? तुझी शाई मीच आणायचो, आपा. छापखान्याला पानं मीच पोचवायचो.”

“माहीत होतं आणि तरी...”

“तरी काय? कोण घेणार आहे तुझं अक्षर? कातिबसाहेबांचं नाव आहे म्हणून कंपनी दारात आली. उद्या मी सांगितलं, की हे आमच्या आपाने लिहिलंय, तिला इजाजतही नाही, तर ती पोर लॅपटॉप मिटून चालू लागेल. वर गल्लीत बोभाटा. आयुष्यभर कुरआन लिहिलेल्या माणसाने शेवटी खोटी सही केली! जनाज्याला किती लोक आले होते आठव. त्यांच्या तोंडात घालू हे?” त्याला रडू फुटलं. तो खोटं रडत नव्हता, तेच तर अवघड होतं. “तू अब्बांना चोर ठरवणार, आपा? तू?”

“चोर मी म्हटलं नाही.”

“अर्थ तोच झाला. आणि माझ्या पोरींची लग्नं व्हायचीत.”

भावजय जिन्यातून डोकावली, परिस्थिती बघून आल्यापावली परत गेली. शेठही उठला. “कागद तिथे ठेवलेत. उद्या ती लोकं येतील. बघ तुझं तू,” म्हणून तोही खाली उतरला.

अम्मीने बोरूला हाताने जवळ बोलावलं, आणि तिची उजवी तर्जनी आपल्या हातात घेतली. लेखणी धरून धरून त्या बोटाला घट्टा पडला होता. अम्मी त्यावरून अंगठा फिरवत राहिली.

“मी त्यांना म्हटलं होतं,” ती म्हणाली. “ज्या दिवशी नाव घातलं त्या रात्री. म्हटलं, पोरीचं नाव निदान खाली बारीक तरी येऊ दे. म्हणाले, रीत मोडते.”

“तू मला कधी बोलली नाहीस.”

“बोलून काय केलं असतंस? आणखी एक पान लिहिलं असतंस.” अम्मी कडवट हसली. “तुझं खरं आहे, पोरी. अगदी खरं आहे. पण मी त्यांच्याशेजारी जाऊन पडणार आहे लवकरच. ते तिथे तुझ्या देण्यात अडकलेले मला भेटू देऊ नकोस. ‘दिलं’ म्हण. मनापासून म्हण, नाहीतर चालायचं नाही. आणि एकदा दिलं की त्याला पुन्हा हात लावायचा नाही. दिलेल्या वस्तूत परत तोंड घालणं मला आवडायचं नाही. मला शब्द दे.”

“अम्मी, हात कुठे ठेवू मग मी? तो दुसरं काही लिहीत नाही.”

“ते मला माहीत नाही,” अम्मी म्हणाली. “मला फक्त शब्द हवा.”

न्याय मागावा असं एकच माणूस तिला घरात उरलं होतं, आणि त्या अम्मीनेच झोळी पसरली. बोरूला रागही नीट येईना. तिने अम्मीच्या हातातून बोट सोडवून घेतलं नाही.

“अब्बा, मी दिलं,” ती भिंतीकडे बघून म्हणाली. ज्या भिंतीला टेकून ते ऐकत बसायचे, तिथे तेलाचा डाग होता. मग अम्मीकडे वळून म्हणाली, “त्या वळणात पुन्हा लिहिणार नाही. शब्द देते.”

दुसऱ्या दिवशी सगळं झटपट उरकलं. फाँटवाल्या मुलीने ‘इथे, इथे आणि इथे’ म्हणून दाखवलं तिथे तिथे बोरूने सही केली, साध्या बॉलपेनने. “तुमचं अक्षर किती छान आहे हो!” मुलगी म्हणाली. “वडिलांचं वळण आलंय.” शेठने सगळ्यांना सरबत दिलं, आणि बोरूच्या पेल्यात साखर जास्त आहे ना, हे स्वतः बघितलं. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर फार सोपं झालं असतं.

संध्याकाळी पाथरवट आला. त्याला एका तरुण मुलाच्या कबरीसाठी नेहमीचीच ओळ हवी होती. दुःखाचं काम होतं, तो दारातच टोपी काढून उभा राहिला.

“मी आता लिहीत नाही, भाऊ,” बोरू म्हणाली.

“असं कसं? मग कुणाकडे जाऊ?”

“खाली शेठकडे जा. मशीनवर काढून मिळेल. अगदी तसंच येतं.”

तो जिना उतरून गेला. खालून प्रिंटर घरघरल्याचं तिला ऐकू आलं. त्या ओळीत ‘काफ’ आहे का, हे तिने मनाशी आठवून बघितलं. होता.

पहाटे फजरची नमाज झाल्यावर, अम्मीने पुन्हा डोळे मिटल्यावर, ती आपल्या बैठकीपाशी आली. पोर असल्यापासून, तापाचे दिवस धरूनही, तिने या वेळेला बिस्मिल्लाची एक ओळ लिहिली नाही असं झालं नव्हतं. तो नेम ती सोडणार नव्हती. शब्दही मोडणार नव्हती. तिने जुन्या लेखण्या एका फडक्यात गुंडाळून फळीवर मागे सारल्या. एक नवा वेताचा तुकडा घेतला, ओलसर करून चाकूखाली धरला.

अब्बांच्या वळणाला लेखणीची जीभ तिरकी कापावी लागते. चाकू आपसूक तिरकाच गेला. तिने तो तुकडा बाजूला ठेवला, दुसरा घेतला, आणि या वेळी मनगट दुसऱ्या हाताने घट्ट धरून टोक सरळ, आडवं कापलं. तशा जिभेने तिने कधी एक अक्षरही काढलं नव्हतं. कागदावर टेकवली तेव्हा ठिपका टोकदार न उमटता चौकोनी, ठोकळ्यासारखा उमटला. सगळी अक्षरं त्या ठिपक्याच्या मापाने मोजायची असतात. म्हणजे आता सगळीच मापं नवी.

तिने तसे काही ठिपके एकावर एक मांडले आणि त्यांच्या उंचीचा एक ‘अलिफ’, वर्णमालेतलं पहिलंच अक्षर, काढायला घेतला. तो वाकडा आला. पहिल्या दिवशीच्या पोराचा असतो तसा, खाली जाड आणि वर अडखळलेला. तिने त्याच्याकडे क्षणभर बघितलं, लेखणी दौतीत बुडवली, आणि त्याच्या शेजारी दुसरा काढायला घेतला.